कलमी की रायवळ? एका यीस्टची ओळखपरेड

समजा, एका हॉस्पिटलच्या आयसीयूमधे एकाच आठवड्यात तीन पेशंटच्या रक्तात यीस्ट सापडलं. लॅबचा रिपोर्ट तिन्ही वेळा तोच: कॅन्डिडा. आता हे तीन वेगवेगळे अपघात समजायचे की एकच अपघात तीनदा झालाय असं समजायचं?

प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. कॅन्डिडा हे यीस्ट बऱ्याच धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर मुकाट्याने राहत असतं. तुमच्या-माझ्याही असेल. प्रतिकारशक्ती ढासळली, अँटिबायोटिक्सनी आतड्यातले बाकीचे जंतू साफ केले, गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत आठवडाभर नळी राहिली, की हेच पाहुणे रक्तात शिरतात. म्हणजे तिघांना ज्याचं त्याचं यीस्ट भोवलं असेल, तर डॉक्टरांनी नळ्या आणि औषधं यांच्याकडे बघायचं. पण तिघांच्या रक्तात एकच वाण असेल, तर ते कुणाच्या तरी हातावरून किंवा कुठल्यातरी उपकरणावरून एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर गेलंय, आणि ते थांबवलं नाही तर चौथा पेशंट तयारच आहे. 'कॅन्डिडा' एवढ्या एका शब्दावरून यातलं काहीच कळत नाही.

कोकणातल्या माणसाला हे चटकन समजेल. हापूसची झाडं कलमाची, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. रायवळ आंबा कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाड वेगळं. बाजारात दोघांनाही आंबाच म्हणतात, पण एका बागेतली शंभर झाडं कलमी आहेत की रायवळ हे कळलं, की ती बाग कशी झाली याचा अर्धा इतिहास कळतो. यीस्टच्या बाबतीत हा इतिहास वाचायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. आमच्या धंद्यात 'हा नवीन बग आहे की जुन्याचीच ड्युप्लिकेट' यावर रोज वाद होतात, त्यामुळे असेल कदाचित, पण गेले दोन-तीन वीकेंड मी याच विषयावरचे जुने पेपर वाचत बसलोय.

सुरुवात १८३९ पासून करता येईल. लांगेनबेक नावाच्या जर्मन डॉक्टरने पेशंटच्या तोंडातल्या पांढऱ्या थरात बुरशी पाहिली. पुढे नावांचा बराच गोंधळ झाला आणि १९२३ मधे ख्रिस्तिन बर्कहाउट या डच बाईंनी 'कॅन्डिडा' हे कुळनाव दिलं. लॅटिनमधे कॅन्डिडा म्हणजे शुभ्र आणि अल्बिकन्स म्हणजे पांढरं होत जाणारं. थोडक्यात 'कॅन्डिडा अल्बिकन्स' म्हणजे पांढरी पांढरी. (रोममधे निवडणुकीला उभे राहणारे शुभ्र झगा घालायचे, त्यावरूनच 'कँडिडेट' आला. खादीची परंपरा जुनी दिसते.)

नाव मिळालं, पण दोन पांढऱ्यांमधला फरक काही दिसेना. प्लेटवर वाढवलं की सगळ्यांचे सायीसारखे पांढरट गोळे. १९६१ मधे अँटिबॉडीज वापरून 'ए' आणि 'बी' असे दोन गट पाडले गेले. आता दोनच गट असतील तर त्याने काय साधणार? चोर पकडायला निघालात आणि खबर मिळाली की तो एकतर उंच आहे नाहीतर बुटका. १९८० मधे फ्रँक ऑड्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी चांगला प्रयत्न केला. वेगवेगळ्या रसायनांवर यीस्ट वाढतं की नाही याच्या चाचण्यांची एक मालिका लावायची आणि प्रत्येकीचं उत्तर हो किंवा नाही. त्या उत्तरांमधून एक कोड नंबर तयार. हे मला फार आवडलं. सरळ सरळ बिटमास्क!

पण या सगळ्या पद्धतींत एक गृहीत धरलेलं होतं: यीस्ट जे 'करतं' त्यावरून ते 'कोण' आहे हे कळतं. १९८५ मधे आयोवा विद्यापीठातल्या डेव्हिड सॉल यांच्या लॅबने या गृहीताला सुरुंग लावला. त्यांनी दाखवलं की अल्बिकन्सचा एकच वाण आपल्या वसाहतींचं रूप फटाफट बदलू शकतो. कधी गुळगुळीत, कधी चांदणीसारखी, कधी कडी असलेली, आणि परत मूळ रूपातही येतो. दोन वर्षांनी त्यांना असा वाण मिळाला की ज्याच्या पेशी 'पांढऱ्या' आणि 'अपारदर्शक' या दोन अवस्थांमधे ये-जा करतात. म्हणजे संशयिताचं वर्णन लिहून घ्यावं आणि त्याने कोपऱ्यावर जाऊन शर्ट बदलावा, मिशी काढावी. रूपावरून ओळख पटवणं धोक्याचं आहे हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगायला लागलं नाही.

मग उरला डीएनए. १९८४ मधे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी लेस्टरमधे माणसाचे डीएनए ठसे शोधले होते, त्यामुळे कल्पना हवेत होतीच. १९८७ च्या सुमाराला दोन-तीन लॅब्जनी ती यीस्टला लावली.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येत असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल, मी रागावणार नाही. काही एन्झाइम्स डीएनएला ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच कापतात. दोन वाणांमधे ती अक्षरं थोड्या वेगळ्या जागी असली तर तुकड्यांची लांबी वेगळी येते. हे तुकडे जेलमधून विजेच्या दाबाने पळवायचे. छोटे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. पण जीनोम मोठा, तुकडे हजारो, त्यामुळे नुसती धूसर पट्टी दिसते. युक्ती अशी की फक्त काही तुकडे 'उजळवायचे'. १९८८ मधे स्टुअर्ट शेरर आणि डेव्हिड स्टीव्हन्स यांनी अल्बिकन्समधला असा एक मजकूर शोधला जो जीनोममधे अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो. त्याचं नाव '२७ए'. सॉल यांच्या गटाने असाच 'सीए-३' नावाचा तुकडा वापरला. तो किरणोत्सारी करून सोडला की जिथे जिथे तो मजकूर असेल तेवढेच तुकडे एक्स-रे फिल्मवर काळ्या रेघांसारखे उमटतात. झाला बारकोड तयार! मोठ्या कोडबेसमधे कुणीतरी कॉपी-पेस्ट केलेला ब्लॉक पंधरा फाइल्समधे असतो, आणि तो नेमका कुठे कुठे आहे यावरून कुठल्या ब्रँचचा कोड आहे ते सांगता येतं. तसंच काहीसं. फरक एवढाच की आपल्याकडे कॉपी-पेस्टला शिव्या पडतात, इथे त्याच्यावर पेपर निघाले.

सॉल यांच्या लॅबने पुढे 'डेन्ड्रॉन' नावाचं सॉफ्टवेअरही केलं. जेल वाकडंतिकडं पळालं तर प्रतिमा सरळ करायची, ओळखीच्या वाणाच्या पट्ट्यांशी जुळवून घ्यायची, दोन बारकोडमधलं साम्य शून्य ते एक या आकड्यात काढायचं, आणि मग वंशवृक्ष.

या बारकोडनी काय सांगितलं? पहिलं म्हणजे, निदान अल्बिकन्सच्या बाबतीत, बहुतेक वेळा ते पेशंटचं स्वतःचंच असतं. स्त्रियांना वारंवार होणाऱ्या योनीमार्गाच्या संसर्गाचं उदाहरण घ्या. औषधाने बरं वाटतं आणि काही महिन्यांनी परत त्रास सुरू. दरवेळी बाहेरून नवीन यीस्ट येतं का? नवऱ्यावर संशय, टॉयलेटवर संशय, बाईच्या स्वच्छतेवर तर सगळ्यात आधी. १९९६ मधे सॉल यांच्या गटातल्या शॉन लॉकहार्ट यांनी सीए-३ वापरून दाखवलं की सर्वांत जास्त वेळा जुनाच वाण टिकून असतो. त्याच्या आतल्याआत किंचित वेगळ्या उपवाणांचे पत्ते पिसले जातात, एवढंच. लॉकहार्ट हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

दुसरं उदाहरण एड्सच्या साथीतलं. १९९० मधे अमेरिकेत फ्लुकोनाझोल हे औषध आलं आणि एचआयव्हीच्या पेशंटना तोंडातल्या यीस्टवर चांगला उपाय मिळाला. काही वर्षांतच ते काही जणांवर चालेनासं झालं. इथेही तोच प्रश्न: जुनंच यीस्ट हट्टी झालं, की मेलं आणि त्याच्या जागी दुसरं हट्टी येऊन बसलं? एकाच पेशंटच्या तोंडातून दोन वर्षांत घेतलेले १७ नमुने जपून ठेवलेले होते. थिओडोर व्हाइट यांनी १९९७ मधे त्यांचं विश्लेषण छापलं. १७ ही नमुने मुळात एकाच वाणाचे. तेच यीस्ट पायरी पायरीने शिकत गेलं: औषध बाहेर फेकणारे पंप वाढवले, औषध जिथे चिकटतं ते प्रथिन बदललं. बारकोड नसता तर या १७ नमुन्यांना एका गोष्टीत ओवताच आलं नसतं. व्हर्जन कंट्रोलमधली १७ कमिट्स आहेत ती, आणि एका माणसाच्या आजारपणाची दोन वर्षं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मजेदार वाटते. डब्लिनमधे डेव्हिड कोलमन आणि डेरेक सलिव्हन एचआयव्हीच्या पेशंटच्या तोंडातल्या अल्बिकन्सचे असेच ठसे काढत होते. काही नमुने सगळ्या नेहमीच्या चाचण्यांत अल्बिकन्स म्हणून पास होत, पण २७ए लावला की पट्ट्या मोजक्याच आणि फिकट. साधारणपणे आपण काय म्हणू? प्रयोग फसला, परत करा. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९९५ मधे जाहीर केलं की हा अल्बिकन्सचा वाण नाहीच, ही वेगळीच प्रजाती आहे. नाव: कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. मग जुनी कपाटं उघडली गेली आणि ब्रिटनमधल्या संग्रहात १९५७ चा एक नमुना निघाला, दुसऱ्याच नावाचं लेबल लावलेला. हे यीस्ट नवीन नव्हतंच. ते वेगळं दिसेल असा आरसा नवीन होता.

तरीही जेलमधे एक मूळ दुखणं होतं. जेल म्हणजे स्क्रीनशॉट. आयोवातला स्क्रीनशॉट आणि पॅरिसमधला स्क्रीनशॉट एकमेकांशी ताडून बघणं म्हणजे डोकेदुखी. उत्तर आलं जंतूंच्या दुनियेतून. १९९८ मधे मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी मेंदूज्वराच्या जंतूसाठी सुचवलं की पट्ट्या सोडा, काही निवडक जीन्सची सरळ अक्षरंच वाचा, आणि प्रत्येक वेगळ्या मजकुराला एक नंबर द्या. या पद्धतीला 'एमएलएसटी' म्हणतात. अल्बिकन्ससाठी २००३ पर्यंत सात जीन्सचा संच सर्वमान्य झाला. यीस्टमधे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एका जागी 'ए' आणि 'जी' दोन्ही दिसली तर तिथे 'आर' लिहायचं, अशा छोट्या तडजोडी कराव्या लागल्या. पण आता स्क्रीनशॉटच्या जागी टेक्स्ट फाइल आली. जगात कुठेही बसा आणि डिफ मारा.

यातून अल्बिकन्सची मोठी घराणी ठळक झाली. त्यातल्या पहिल्या घराण्यात फ्लुसायटोसिन या औषधाला न जुमानणारे वाण फार, आणि त्याचं मूळ एकाच जीनमधल्या एकाच अक्षराच्या बदलात आहे, हे २००४ मधे उलगडलं. कुठल्यातरी पूर्वजात झालेला एक बदल सगळ्या कलमांमधे उतरला. हापूसच्या कलमाबरोबर साका धरायची खोडही येते ना, तसं.

इथपर्यंतचा निष्कर्ष एकंदर दिलासा देणारा होता: यीस्ट बहुधा ज्याचं त्याचं. आणि मग ऑरिस आलं.

२००९ मधे टोकियोतल्या एका हॉस्पिटलमधे सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून एक अनोळखी यीस्ट मिळालं. डीएनएची अक्षरं वाचली तेव्हा कळलं की नवीन प्रजाती आहे. कानात मिळालं म्हणून 'कॅन्डिडा ऑरिस'. (२०२४ मधे शास्त्रज्ञांनी कुळ बदलून 'कॅन्डिडोझायमा' केलंय, पण जुनं नाव जाता जात नाही.) कानातलं निरुपद्रवी प्रकरण म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. २०११ मधे कोरियातून रक्तातल्या संसर्गाच्या तीन केसेस आल्या, त्यातला एक जपून ठेवलेला नमुना तर १९९६ चा होता.

आणि मग दिल्ली. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मधे दिल्लीतल्या दोन हॉस्पिटल्समधल्या १२ पेशंटचे नमुने तपासले. लॅबचं स्वयंचलित मशीन त्यांना 'हेम्युलोनी' नावाच्या एका नातेवाइकाच्या नावाने ओळखत होतं. मशीनच्या यादीत ऑरिस नव्हतंच, तर ते तरी काय करणार? जवळचं नाव चिकटवून मोकळं. अक्षरं वाचल्यावर सगळी ऑरिस निघाली. मग त्यांनी एएफएलपी ही पद्धत लावली. त्यात डीएनएचे तुकडे करून त्यांच्या टोकांना जोड लावतात, त्यातल्या निवडक तुकड्यांच्या प्रती काढतात आणि लांबीप्रमाणे लावतात. बाराही नमुने एकमेकांसारखे, आणि जपान-कोरियाच्या नमुन्यांपेक्षा वेगळे. एकही फ्लुकोनाझोलला दाद देईना. म्हणजे रायवळ नाही, कलमाची बाग! आणि तीही एका शहरातल्या दोन हॉस्पिटल्समधे.

हा पेपर मला महत्त्वाचा वाटतो. पंचवीसेक वर्षं 'यीस्ट बहुधा पेशंटचं स्वतःचं' ही समजूत डीएनएच्या ठशांनीच पक्की केली होती, आणि त्याच जातीच्या ठशांनी इथे ती या प्रजातीपुरती उलटवली. प्रजातीचं नाव कळायच्या आधी संसर्ग-नियंत्रण समितीला या बारा केसेस एकत्र दिसायलाही नसत्या.

२०१६ मधे आपले जुने लॉकहार्ट परत येतात. आता ते अमेरिकेच्या सीडीसीत होते. पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या ५४ पेशंटचे नमुने आणि या वेळी सात जीन्स वगैरे नाही, संपूर्ण जीनोम, म्हणजे सुमारे सव्वा कोटी अक्षरं. अपेक्षा काय असेल? एखाद्या देशात उगम, तिथून विमानाने जगभर. निघालं भलतंच. जपानसकट चार घराणी, प्रत्येक आपापल्या प्रदेशातलं. दोन घराण्यांमधे हजारो-हजारो अक्षरांचा फरक आणि एका घराण्याच्या आत अगदी किरकोळ. भारत आणि पाकिस्तानचे नमुने मात्र एकाच घराण्यातले. सीमेवरची कुंपणं यीस्टला कुणी दाखवलेली नाहीत.

याचा अर्थ हे यीस्ट एका जागेवरून चारीकडे पसरलेलं नाही. ते चार जागी, जवळजवळ एकाच काळात, स्वतंत्रपणे माणसांच्या हॉस्पिटलांत शिरलं. का? त्याच अभ्यासात २००४ ते २०१५ मधल्या जगभरच्या पंधरा हजारांहून जास्त कॅन्डिडा नमुन्यांचा जुना संग्रह चाळला, तर ऑरिस फक्त चार, आणि तीही २००९ किंवा त्यानंतरची. म्हणजे 'आधी होतंच, फक्त दिसत नव्हतं' हे डब्लिनचं उत्तर इथे पुरत नाही. २०१९ मधे आर्तुरो कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की वाढत्या तापमानाने निसर्गातल्या यीस्टला उष्णतेची सवय झाली आणि आपल्या शरीराची ३७ अंशांची तटबंदी ओलांडता आली. कल्पना आकर्षक आहे, पण मला ती अजून अर्धवट वाटते. गरम तर सगळंच होतंय, मग हेच यीस्ट का? २०२१ मधे चौधरींच्याच गटाला अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत ऑरिस मिळालं. दलदलीतला एक नमुना तर औषधांना सहज शरण जाणारा, म्हणजे हॉस्पिटलची हवा न लागलेला. तो या कथेतला हरवलेला दुवा असू शकेल.

जीनोम वाचून आयसीयूत प्रत्यक्ष काय फायदा, असं विचाराल तर ऑक्सफर्डचं उदाहरण आहे. २०१५ ते २०१७ मधे तिथल्या हॉस्पिटलमधे ७० पेशंटवर ऑरिस सापडलं, त्यातले ६६ आधी न्यूरो आयसीयूत राहून गेलेले. सगळे नमुने एकाच गुच्छातले, दक्षिण आफ्रिकी घराण्याशी नातं सांगणारे. म्हणजे बाहेरून पुन्हा पुन्हा येत नव्हतं, आतच फिरत होतं. मग शोध वॉर्डच्या आत वळला. भिंती, फरशी, हवा यांत जवळजवळ काही नाही. सापडलं ते काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकावर. ते वापरातून काढले आणि नवीन केसेस उतरल्या. एवढी मोठी यंत्रणा आणि आरोपी कोण, तर ताप मोजायचं साधन!

घराण्यांची मोजणी मात्र चारवर थांबली नाही. २०१८ मधे इराणमधे एका पेशंटच्या कानातून पाचवं निघालं, बाकीच्यांपेक्षा दोन लाखांहून जास्त अक्षरांनी वेगळं. आणि २०२४ मधे सिंगापूरच्या संशोधकांनी सहावं जाहीर केलं. २०२३ मधे तिथल्या हॉस्पिटलच्या नेहमीच्या तपासणीत एक पेशंट सापडला, त्याचा जीनोम कुठल्याच घराण्यात बसेना. जुने नमुने परत काढले तर आणखी दोन पेशंट मिळाले. तिघांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही, आणि पहिला पेशंट तर आधीची दोन वर्षं देशाबाहेरही गेलेला नव्हता.